मोठ्या रेडिओ-नियंत्रित विमानात सर्व्हो आणि नियंत्रण-पृष्ठे बसवताना

फोमच्या लहान विमानात सर्व्होची (विमानाची हलती पृष्ठे फिरवणाऱ्या छोट्या मोटरची) दांडी थोडी वाकडी गेली किंवा बिजागरी ढिली राहिली, तरी विमान उडते आणि उतरतेही. पंखविस्तार दोन मीटरच्या पुढे गेला, वजन सात-आठ किलोवर पोहोचले आणि पुढे ५० सीसीचे पेट्रोल इंजिन बसले, की ही मुभा संपते. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की एलेरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीवर) येणारा जोर चौपट होतो. आपल्याकडचे बहुतेक नवे बांधणारे सगळे लक्ष आणि बहुतेक पैसे सर्व्होच्या ताकदीच्या आकड्यावर खर्च करतात. माझ्या मते बिघाडाचे मूळ बहुधा सर्व्होच्या बाहेर असते. सर्व्होच्या दात्यांपासून एलेरॉनच्या मागच्या कडेपर्यंत जे सात-आठ सांधे येतात, त्यांपैकी एखादा ढिला, लवचिक किंवा चुकीच्या कोनात बसवलेला असतो. पुढे सांगितलेली सगळी पद्धत हा प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, कमी करण्यासाठीच आहे. उदाहरणासाठी सव्वादोन मीटर पंखविस्ताराचे, बाल्सा आणि प्लायवूडचे, आठ किलो वजनाचे विमान धरले आहे. त्यात दोन एलेरॉन, एलिव्हेटरचे (शेपटीच्या आडव्या हलत्या पट्टीचे) दोन भाग आणि एक रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) आहे.

सर्व्होची आणि विजेची निवड एकत्रच करावी

सर्व्होच्या डब्यावर छापलेली ताकद कोणत्या व्होल्टेजला मोजली आहे, हे आधी पाहावे. एकच सर्व्हो ६ व्होल्टला एक आकडा दाखवतो आणि ७.४ व्होल्टला दुसरा, आणि जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापतात. आपल्या उदाहरणातल्या विमानासाठी प्रत्येक एलेरॉनला आणि एलिव्हेटरच्या प्रत्येक भागाला १५ ते २५ किलो-सेंटीमीटर ताकदीचा, धातूच्या गिअरचा डिजिटल सर्व्हो पुरतो. रडर मोठा असतो आणि कलाबाजीत त्यावर बराच जोर येतो, म्हणून तिथे २५ ते ४० किलो-सेंटीमीटरचा सर्व्हो घ्यावा. थ्रॉटलला साधा सर्व्हो चालतो, तिथे पैसे घालू नयेत.

घेण्यापूर्वी गिअरचा प्ले तपासावा. सर्व्होला वीज द्यावी, त्यावर हात (दांडी जिला जोडतात ती छोटी पट्टी) बसवावा आणि बोटाने टोक दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. नवा सर्व्हो जर स्पष्टपणे डुगडुगत असेल, तर पन्नास उड्डाणांनंतर त्याचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. सर्व्होच्या दंडावरच्या दात्यांची संख्या कंपनीनुसार २३, २४ किंवा २५ असते आणि एकाचा हात दुसऱ्यावर बसत नाही. जोर लावून बसवल्यास दाते झिजतात आणि हात हवेत निसटतो. म्हणून जास्तीचे हात त्याच मापाचे आणि सर्व्होबरोबरच मागवावेत. सातारा-सांगलीत हे सामान दुकानात मिळत नाही, बहुतेक सगळे कुरिअरने येते, आणि एका हातासाठी चार-पाच दिवस थांबायची वेळ येते.

रिसीव्हरसाठी ६.६ व्होल्टची दोन सेलची लिथियम-फेरस बॅटरी हा मला सर्वांत निर्धास्त पर्याय वाटतो, कारण ती थेट जोडता येते आणि तिचे व्होल्टेज उड्डाणभर जवळपास स्थिर राहते. पूर्ण भरलेली दोन सेलची लिथियम-आयन बॅटरी ८.४ व्होल्ट देते. ती सर्व्होला चालते की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय जोडू नये. बॅटऱ्या दोन आणि स्विचही दोन ठेवावेत. एक पूर्ण बंद पडली तरी दुसरीवर विमान उतरवता आले पाहिजे.

बिजागऱ्या

हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून इथे थोडे जास्त थांबू. मोठ्या विमानात कापडी किंवा पातळ कागदी बिजागऱ्या वापरू नयेत. मधोमध पिन असलेल्या, दोन्ही बाजूंना खाचा असलेल्या काडीच्या आकाराच्या बिजागऱ्या घ्याव्यात. त्यांचा व्यास साधारण ४.८ मिलिमीटर असतो. साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीच्या एलेरॉनला पाच किंवा सहा बिजागऱ्या लावाव्यात. टोकाच्या दोन बिजागऱ्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आत असाव्यात आणि एक नेमकी हॉर्नच्या (दांडी जोडण्यासाठी एलेरॉनवर उभ्या केलेल्या पट्टीच्या) शेजारी यावी, कारण दांडीचा सगळा रेटा तिथे येतो.

पंखाच्या मागच्या कडेवर आणि एलेरॉनच्या पुढच्या कडेवर मध्यरेषा आखून घ्यावी. रेषा नजरेने न आखता जाडी मोजून, दोन्ही पृष्ठभागांकडून खूण करून, मधला बिंदू धरावा. मग त्या रेषेवर बिजागऱ्यांच्या जागा दोन्ही भाग एकत्र धरून एकदमच खुणावाव्यात. छिद्र पाडताना आधी २ मिलिमीटरच्या बिटाने वाट करावी, मग पूर्ण मापाच्या बिटाने ती वाढवावी. ड्रिल मशीन हातात सरळ राहत नसेल, तर लाकडी ठोकळ्यात काटकोनात छिद्र पाडून तो मार्गदर्शक म्हणून वापरावा. बाल्सा इतके मऊ असते की बिट धाग्यांच्या दिशेने सरकतो आणि बाहेरून सरळ वाटणारे छिद्र आत तिरपे जाते. छिद्राचे तोंड किंचित रुंद करावे, म्हणजे बिजागरीचा गोल सांधा लाकडात बुडतो आणि पिन बरोबर फिरण्याच्या रेषेवर येते. सगळ्या पिना एका सरळ रेषेत आल्या नाहीत, तर एलेरॉन जड फिरतो आणि सर्व्होची निम्मी ताकद बिजागऱ्या वाकवण्यातच जाते.

एलेरॉनची पुढची कड दोन्ही बाजूंनी तिरपी तासावी. तीस अंश हालचाल हवी असेल, तर उतार त्याहून किंचित जास्त ठेवावा. हे सगळे कोरडे जुळवून, एलेरॉन पूर्ण वर आणि पूर्ण खाली फिरतो हे पाहून, मगच फिल्म (लाकडावर चढवायचे पातळ प्लास्टिकचे आवरण) चढवावी. चिकटवण्याचे काम फिल्मनंतर करावे.

चिकटवण्यासाठी तीस मिनिटांचे इपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांचे इथे अजिबात नको. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि तेव्हा तीस मिनिटांचे इपॉक्सीही बरेच आधी घट्ट होऊ लागते. त्या दिवसांत हे काम पहाटे करावे किंवा थोडे-थोडे मिश्रण कालवावे. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात पावसाळ्यात उलटी अडचण येते. तिथे बाल्सा दमट हवा ओढून घेते आणि फिल्मला सुरकुत्या पडतात, म्हणून लाकूड दोन-तीन दिवस घरात कोरड्या जागी ठेवून मग कामाला घ्यावे. बिजागरीच्या सांध्याला आगपेटीच्या काडीने थोडे व्हॅसलीन लावावे, म्हणजे इपॉक्सी पिनेत शिरत नाही. प्लास्टिकचा भाग आधी पॉलिश पेपरने खरखरीत करावा. इपॉक्सी बिजागरीला आणि छिद्राच्या आतही लावावे. आधी सगळ्या बिजागऱ्या एलेरॉनमध्ये बसवाव्यात, त्यांचे मोकळे हात एकाच पातळीत आहेत हे पाहावे आणि रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी पंखाच्या बाजूला चिकटवावे आणि वाळण्यापूर्वी एलेरॉन दोन्ही टोकांपर्यंत पाच-सहा वेळा फिरवावा. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक बिजागरीजवळ धरून जोरात ओढून पाहावे. सुटायचीच असेल, तर ती टेबलावर सुटलेली बरी.

पंख आणि एलेरॉन यांच्यातली फट बंद करण्याचे काम पुष्कळ जण टाळतात. फटीतून खालचा दाब वर निसटतो, एलेरॉनचा परिणाम कमी होतो आणि फ्लटरला निमित्त मिळते. फ्लटर म्हणजे एलेरॉनची हवेत आपोआप सुरू होणारी अतिवेगवान थरथर. ती सुरू झाली की काही सेकंदांत बिजागऱ्या, सर्व्होचे गिअर किंवा अख्खा एलेरॉन जाऊ शकतो. फट बुजवण्यासाठी एलेरॉन पूर्ण वर करावा आणि पंखाच्या खालच्या बाजूने, उघडलेल्या फटीत, फिल्मची किंवा पारदर्शक टेपची अरुंद पट्टी आतपर्यंत दाबून चिकटवावी. मग हालचाल पुन्हा तपासावी.

सर्व्होची जागा

एलेरॉनचा सर्व्हो पंखाच्या खालच्या बाजूला, झाकणाला आतून बसवण्याची पद्धत सर्वांत सोयीची आहे. झाकण तीन मिलिमीटर प्लायवूडचे असावे आणि सर्व्होचे कान ज्या ठोकळ्यांवर टेकतात ते कठीण लाकडाचे, इपॉक्सीने चिकटवलेले आणि आतून एका स्क्रूने पकडलेले असावेत. सर्व्हो ओढला की झाकण वाकते का, हे बोटाने दाबून पाहावे. वाकत असेल तर आतून पट्टी लावावी. सर्व्होचा हात ज्या प्रतलात फिरतो ते बिजागरीच्या रेषेशी काटकोनात असले पाहिजे. पंखाची मागची कड तिरपी असेल, तर दांडी विमानाच्या लांबीला समांतर न जाता थोडी तिरपी जाते. ते दिसायला चुकीचे वाटते, पण बरोबर असते.

सर्व्होबरोबर रबरी बूच आणि पितळी नळ्या मिळतात. रबर कानाच्या खाचेत बसवावे आणि पितळी नळी खालून घालावी, म्हणजे तिची पसरट कड लाकडाकडे राहते. नळी वरून घातली तर तिची अरुंद कड लाकडात घुसते आणि रबर चेपले जाते. स्क्रूसाठी दीड मिलिमीटरचे छिद्र पाडावे, स्क्रू एकदा आत फिरवून काढावा, छिद्रात पातळ फेव्हिक्विकचा एक थेंब सोडावा आणि पूर्ण वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवावा. लाकडातले आटे त्याने कडक होतात. हा एक थेंब वाचवला, की इंजिनच्या कंपनाने स्क्रू हळूहळू बाहेर येतो.

एलिव्हेटरचे दोन सर्व्हो शेपटीत बसवले तर दांड्या आखूड आणि ताठ राहतात, पण तोल मागे जातो. प्रत्येकी ७० ग्रॅमचे दोन सर्व्हो तोलबिंदूच्या ११० सेंटिमीटर मागे असतील आणि नाकाकडचे वजन ४० सेंटिमीटर पुढे लावता येत असेल, तर पुढे ३८५ ग्रॅम वाढवावे लागतात. म्हणून बॅटऱ्यांची जागा सर्व्हो बसवून झाल्यावरच ठरवावी.

हॉर्न, दांडी आणि हाताची लांबी

एलेरॉनमध्ये जिथे हॉर्न येणार, तिथे आत कठीण लाकडाचा ठोकळा आधीच बसवलेला असावा. हॉर्न ३ मिलिमीटर जाडीच्या ग्लास इपॉक्सी शीटचा उत्तम होतो. ही शीट इलेक्ट्रिक पॅनेलच्या कामात वापरतात, त्यामुळे कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत विचारल्यास त्याचे तुकडे मिळण्याची शक्यता असते. ती कापताना तोंडावर मास्क हवा, कारण काचेची धूळ फुफ्फुसांना वाईट. दोन पट्ट्यांच्या मध्ये बॉल-लिंक (दांडीच्या टोकाचा गोल गोळीवर फिरणारा सांधा) बसेल असा दुहेरी हॉर्न करावा, म्हणजे दांडी एका बाजूला पिळत नाही. हॉर्नचे छिद्र बरोबर बिजागरीच्या रेषेवर यावे. ते मागे किंवा पुढे राहिले, तर वरची आणि खालची हालचाल असमान होते.

आता हिशेब पाहू. २० किलो-सेंटीमीटरच्या सर्व्होला २५ मिलिमीटरचा हात लावला, तर टोकाला ८ किलोची ओढ मिळते. हॉर्न ३५ मिलिमीटर असेल, तर बिजागरीपाशी २८ किलो-सेंटीमीटर ताकद पोहोचते आणि सर्व्हो ४५ अंश फिरल्यावर एलेरॉन सुमारे ३० अंश हलतो. त्याच सर्व्होला ४० मिलिमीटरचा हात लावला, तर ओढ ५ किलो होते आणि एलेरॉनला १७.५ किलो-सेंटीमीटरच मिळते. तेवढ्याच ३० अंशांसाठी सर्व्होला २६ अंश पुरतात, म्हणून ट्रान्समीटरमध्ये मर्यादा साठ टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. वर प्लेही वाढतो. सर्व्होच्या गिअरमध्ये अर्धा अंश प्ले असेल, तर नऊ सेंटिमीटर रुंदीच्या एलेरॉनची मागची कड पहिल्या जोडणीत जेमतेम अर्धा मिलिमीटर हलते आणि दुसऱ्या जोडणीत जवळजवळ एक मिलिमीटर. सर्व्हो तोच, किंमत तीच, आणि तरी एक जोडणी दीडपटीहून जास्त ताकदीची ठरते. म्हणून हवी ती हालचाल मिळेल एवढाच हात ठेवावा आणि हॉर्न जमेल तितका उंच करावा. त्रिमितीय कलाबाजीसाठी ४५ अंश हालचाल हवी असणाऱ्यांना मात्र लांब हात लागतोच, आणि त्यांना महाग सर्व्होही लागतो.

दांडी ३ मिलिमीटर आट्यांची, एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असलेली घ्यावी, म्हणजे ती काढल्याशिवाय लांबी बदलता येते. दोन्ही टोकांना बॉल-लिंक आणि चेक नट हवेत. बॉल-लिंकचा बोल्ट हॉर्नमधून आरपार जाऊन नायलॉक नटने पकडावा, आणि हाताच्या मधल्या स्क्रूला धातूवर धातू असेल तिथेच थ्रेड-लॉकरचा थेंब लावावा. प्लास्टिकवर तो लावल्यास प्लास्टिक तडकू शकते.

रडरच्या तारा

रडरचा सर्व्हो तोल राखण्यासाठी पोटात ठेवून, दोन्ही बाजूंनी पोलादी तारेने ओढण्याची पद्धत मोठ्या विमानात सोयीची असते. सर्व्होच्या दुहेरी हातावरच्या दोन छिद्रांमधले अंतर आणि रडरच्या हॉर्नवरचे अंतर सारखे ठेवावे आणि हॉर्नची छिद्रे बिजागरीच्या रेषेवर आणावीत. मग फिरताना दोन्ही तारांचा ताण सारखा राहतो. तारा पोटात एकमेकींना ओलांडून नेल्या, तर बाहेर पडताना त्यांचा कोन सरळ येतो. मात्र ओलांडतात तिथे त्या घासता कामा नयेत. टोकाला तार तांब्याच्या नळीतून दोनदा ओवून नळी दाबावी. तिला डाग देऊ नये, कारण उष्णतेने तार तिथेच ठिसूळ होते. मिरजेच्या सतारीसारखी तार वाजेपर्यंत ताणण्याचा मोह होतो, पण त्याने सर्व्होच्या बेअरिंगवर कायमचा भार राहतो. झोळ दिसणार नाही एवढाच ताण पुरे. एका रडरवर दोन सर्व्हो जोडलेच, तर ते एकमेकांना ओढत तर नाहीत ना, हे अँपिअर-मीटर लावून तपासावे. स्तब्ध असताना गुणगुणणारी जोडी मुळातच जुळलेली नसते.

तारजोडणी

पंखातल्या लांब तारांसाठी २० किंवा २२ गेजची, पिळलेली तार वापरावी. प्रत्येक जोडावर क्लिप लावावी किंवा हीट-श्रिंक नळी चढवावी, कारण सैल झालेला कनेक्टर कंपनाने सुटतो. इग्निशनची बॅटरी रिसीव्हरपासून स्वतंत्र असावी आणि इग्निशनचे युनिट रिसीव्हरपासून किमान तीस सेंटिमीटर दूर ठेवावे. थ्रॉटलची दांडी नायलॉनची घ्यावी, म्हणजे इंजिनचा विद्युत गोंगाट तिच्यावरून आत येत नाही.

ट्रान्समीटरची मांडणी

नवी मेमरी उघडून सगळे ट्रिम (पृष्ठांची मधली स्थिती किंचित सरकवणारी बटणे) शून्यावर आणावेत. सर्व्होचा हात दांडीशी काटकोनात यावा, यासाठी आधी तो दात्यांवर पुढे-मागे बसवून पाहावा. उरलेला एखादा अंशच सब-ट्रिमने, म्हणजे मेन्यूतल्या मध्य जुळवण्याच्या सोयीने, काढावा. मग दिशा पाहावी. विमानाच्या मागे उभे राहून काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर जायला हवा आणि काठी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर जायला हवा. रडरही काठीच्याच बाजूला वळला पाहिजे. हे ओळखीच्या दुसऱ्या उडवणाऱ्याकडून तपासून घ्यावे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

पहिल्या उड्डाणासाठी एलेरॉन आणि एलिव्हेटर १२ ते १५ अंश आणि रडर २५ अंश पुरतो. नऊ सेंटिमीटर रुंदीच्या एलेरॉनसाठी १५ अंश म्हणजे मागच्या कडेला साधारण २३ मिलिमीटर, हे पट्टीने मोजता येते. एलिव्हेटरचे दोन्ही भाग मधल्या, वरच्या आणि खालच्या अशा तिन्ही स्थितींत सारखे जुळले पाहिजेत, नाहीतर लूप घेताना विमान कलते. एक्स्पोनेन्शियल (काठीच्या मध्याजवळचा प्रतिसाद बदलणारी सोय) २५ ते ३० टक्के ठेवावा, पण चिन्हाकडे लक्ष असावे. मधली हालचाल सौम्य करायला फुताबामध्ये उणे आकडा लागतो, तर स्पेक्ट्रममध्ये अधिक. फेलसेफमध्ये, म्हणजे ट्रान्समीटरचा संपर्क तुटल्यावर, थ्रॉटल बंद किंवा किमान गतीवर यायला हवा, आणि ते ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष पाहावे.

मैदानावर नेण्यापूर्वी आणि नंतर

ट्रान्समीटर कमी शक्तीच्या चाचणीवर ठेवून तीस पावलांवरून सगळी पृष्ठे हलवावीत. आधी इंजिन बंद असताना आणि मग चालू असताना. इंजिन चालू असताना एकाने विमान घट्ट धरावे आणि दुसऱ्याने लांबूनच कुठली मागची कड धूसर दिसते का, हे पाहावे. त्यानंतर इंजिन बंद करून, सर्व्होला वीज देऊन, प्रत्येक पृष्ठ हाताने वर-खाली रेटावे. सर्व्होने धरून ठेवले आणि कड हलली, तर हात, लिंक, हॉर्न आणि बिजागरी या क्रमाने एकेक सांधा बोटाने पकडून प्ले कुठे आहे ते शोधावे.

जागेच्या बाबतीत थोडे सांगायला हवे. ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, करमणुकीसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. तरीही डिजिटल स्काय या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते, हे पाहूनच जावे. कराडला विमानतळ असल्याने त्या बाजूच्या लोकांनी ते आवर्जून पाहावे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांजवळ आणि कासला विमान नेऊ नये. उसाची तोडणी झालेले सपाट रान, मालकाची परवानगी घेऊन, चांगले पडते. उभ्या उसात पडलेले विमान शोधायला अर्धा दिवस जातो, आणि तासगावकडच्या द्राक्षबागांत मांडवाच्या तारा असतात.

पहिले उड्डाण अर्ध्या थ्रॉटलवर ठेवावे, वेगाने खाली झेपावू नये, आणि थरथरीचा आवाज आला तर थ्रॉटल ताबडतोब कमी करून हळू उतरवावे. उतरल्यावर, इंजिन गरम असतानाच, झाकणे उघडून सर्व्होचे स्क्रू, हाताचा मधला स्क्रू आणि चेक नट पाहावेत. पहिल्या पाच-सहा उड्डाणांत बहुतेक रबरी बूच थोडे बसतात आणि काळ्या रानातली बारीक माती बॉल-लिंकमध्ये शिरते. लिंक मऊ ब्रशने कोरड्याच पुसाव्यात, तेल लावू नये, कारण तेलाला धूळ चिकटते आणि प्ले त्यातूनच सुरू होतो.